गावदेवीपुढे दिलेला माळ

करंजपाडा, पो. किन्हवली
२७ जानेवारी २०२६

ती. प्रमिलाताईस हेमंतचा शि. सा. न.

काल ग्रामसभा झाली. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी आपल्या गावाचं २०४७ सालचं चित्र बॅनरवर लावलं. रुंद रस्ते, सौरदिवे, माळावर निळ्या छपरांची गोदामं. एका कोपऱ्यात हेलिपॅडसुद्धा आहे, तू हसशील. साहेब म्हणाले, हे नुसतं स्वप्न आहे, देशाबरोबर गावानेही लांबचं बघावं. मला ते मनापासून पटलं. आपली पोरं कामासाठी गाव सोडणार नाहीत, असं कुणीतरी पहिल्यांदाच दाखवत होतं. सरपंच म्हणून मी नेहमीसारखा गावदेवीपुढे त्या चित्राच्या नावाने नारळ फोडला. माळावरच्या वाडीतले जाणू आणि त्याची बायको बुधीही सगळ्यांच्या मागे हात जोडून उभे होते.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून धसईला निघालेल्या देवरामकाकांच्या हाती हे पत्र. माया आहेच, ती वाढती ठेव.

तुझा हेमंत

धसई
८ फेब्रुवारी

चि. हेमंतास अनेक आशीर्वाद.

आधी दुपारची एस.टी. वेळेवर आणा, मग आम्ही मेथीच्या जुड्या घेऊन तुमच्या हेलिपॅडवर उतरू.

चेष्टा पुरे, आता ऐक. परवा बाजारात बुधी भेटली. तिने आणि जाणूने माळावरचं कुडाचं घर स्वतःच्या हातांनी उतरवलंय आणि वासे घेऊन इथे तिच्या भावाच्या अंगणात येऊन राहिलेत. मी रागावले, तर म्हणाली, देवीपुढं नारळ फुटलाय गो, आता तिथं चूल नाय पेटवायची.

आपल्या गावची रीत विसरलास का रे? ज्या जागेसाठी देवीपुढे नारळ फुटतो, ती जागा दिल्याचा तो शब्द असतो. विहिरीच्या जागेसाठी नारळ फुटला, तेव्हा आपल्या आबांनी त्याच संध्याकाळी गोठा हलवला होता. साहेबांचं स्वप्न वीस वर्षांनंतरचं असेल, देवीपुढचा शब्द त्याच दिवसापासून लागतो. आईच्या शेवटच्या दुखण्यात बुधीने तिचं सगळं केलं. तिला उघड्यावर बघून मला जेवण जात नाही.

तुझ्यावर राग आहे आणि जीवही आहे. दोन्ही ओळखून वाग.

ताई

करंजपाडा
१५ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र वाचून तालुक्याला गेलो. साहेब हसले. म्हणाले, चित्रातलं काहीच मंजूर नाही, कुणाला उठायला सांगितलंच नव्हतं. तिथून माळावर गेलो, तर बुधीच्या घराच्या जागेला आपल्याच भावकीतल्या भगीरथदादाने तारेचं कुंपण घातलेलं. म्हणतो, जागा मोकळी पडली होती, आणि नारळ तूच फोडलास.

रीतीप्रमाणे ज्यांनी शब्द दिला त्यांनीच तो देवीकडे परत मागायचा. म्हणून जाणूला भेटायला धसईला आलो होतो. तुझ्या दारावरून गेलो, पण आत यायला तोंड नव्हतं. सगळे मिळून शब्द परत मागू म्हटलं, तर जाणू शांतपणे म्हणाला, आमी शब्द दिलाच नाय भाऊ, आमाला इचारलं कोणी? आमी फक्त जागा सोडली.

शुक्रवारी मी एकटाच शब्द परत मागणार आहे. गाव म्हणतं, देवी कोपेल. भगीरथदादा म्हणतो, सरपंचपद जाईल. पद गेलं तर जाऊ दे, पण देवीचं मला भय वाटतं, खोटं कशाला सांगू. तू ये. माझ्यामागे कुणीतरी उभं आहे, एवढं दिसलं तरी पुरे.

रागातसुद्धा मला आपला म्हण.

हेमंत

धसई
१७ फेब्रुवारी

चि. हेमंतास आशीर्वाद.

दारावरून परत गेलास, त्याचा हिशेब नंतर. शुक्रवारी सकाळच्या गाडीने येते, नारळ मीच आणीन.

बुधीलाही विचारलं. म्हणाली, येईन, पण या टायमाला मागं नाय उभी राहणार. तिला पुढे जागा ठेव.

ताई