कोकमाचे दोन ग्लास

२० एप्रिल

टेबल मिळालं! पुढच्या शनिवारी, पणजीत, फोंतेन्यासमधल्या त्या जुन्या घरातल्या रेस्टॉरंटात. आईचा पन्नासावा वाढदिवस. डिचोलीच्या बाजारातल्या भाजीपावापलीकडे तिने बाहेरचं काही खाल्लेलं नाही. मी मात्र मोपाच्या विमानतळावर नोकरी लागल्यापासून दर शनिवारी मैत्रिणींबरोबर पणजीत. मला कॉकटेल आवडतं. आवडतं म्हणजे आवडतंच! घरी ठाऊक नाही. आईला कळलं तर ती दुसऱ्या दिवशी नोकरी सोडायला लावील.

बुकिंग झाल्यावर आठवलं — बाबांचं व्रत. माझं डोकं कुठे असतं! बाबा लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत धरणारे भक्त. शिरगावच्या जत्रेत निखाऱ्यांतून चालतात. पाडव्यापासून मासळी बंद, दारू बंद, आणि शेवटचे पाच दिवस घरचं जेवणसुद्धा बंद. यंदा त्यांचं पंचविसावं वर्ष. विचारलं तर म्हणाले, तुम्ही मासे खा, मी भाजी खाईन.

२८ एप्रिल, सकाळ

कसं लिहू.

काल गेलो. आई नवी साडी नेसून, बाबा इस्त्रीच्या शर्टात. आईला तिथला मंद उजेड पसंत पडला नाही, ताटात काय आहे ते दिसायला नको का म्हणाली. पण खूश होती. पाव गरम आहे म्हणून तीनदा सांगितलं. शेजारच्या टेबलावरची मुलगी रंगीत ग्लासातून काही पीत होती, तर आई हळूच म्हणाली, “बामणाघरची दिसता, आणि बघ.” मी पाण्याचा घोट घेतला.

मला काही तसंच बसवेना. हात धुवायचं निमित्त करून बारवर गेले आणि सांगितलं — दोन कोकम, मिरची लावून. एक साधं, बाबांना; माझ्या एकात वोडका. दोन्ही सारख्याच ग्लासात. रंग तोच, वास काही नाही. केवढी हुशार मी!

वेटरने आणून ठेवले. एक बाबांपुढे, एक माझ्यापुढे. मी घोट घेतला. नुसतं कोकम. आणखी एक घेतला. नुसतं कोकम!

बाबांचा ग्लास तोवर निम्मा झाला होता.

तोंड उघडलं असतं तर आईसमोर सगळं बाहेर आलं असतं. मी उघडलं नाही. त्यांनी ग्लास संपवला. कसं होतं, आईने विचारलं. बरं होतं, म्हणाले. मिरची जास्त होती.

येताना गाडीत आई गात होती.

२९ एप्रिल

व्रत मोडलं आणि मोडलेल्यालाच ते माहीत नाही. त्याला मोडलं म्हणतात का? कुणाला विचारू?

२ मे

आईला आडून विचारलं, कुणी चुकून काही खाल्लं-प्यायलं तर? ती म्हणाली देवीला चूक कळत नाही, व्रत कळतं. मग धाकूकाकांची गोष्ट काढली. आमच्याच वाड्यावरचे. एका वर्षी दोन्ही तळवे भाजले, महिनाभर खाटेवर. “व्रतात खोट असतली. नायतर आग भाजता काय?”

मी विमानतळावर काम करते, शिकलेली आहे, निखारे कुणालाही भाजतात हे मला कळतं. तरी रात्रभर धाकूकाकांचे तळवे दिसत होते.

सांगितलं तर बाबा जाणार नाहीत. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. गाव विचारणार, का? नाही सांगितलं तर जाणार. दोन्हीकडून मीच.

५ मे

आज ठरवलं होतं. बाबा मागच्या पडवीत बसून वेताच्या काठीला लोकरीचे गोंडे बांधत होते. धोंडांचा वेत तो, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सुर्ल्याची खाण बंद पडून मशीन चालवायचं काम गेलं, तेव्हासुद्धा हा माणूस जत्रेआधी असाच शांत बसलेला मला आठवतो. मी जवळ जाऊन बसले. म्हटलं, बाबा, त्या दिवशी पणजीत —

त्यांनी मान वर केली नाही. “सगळा आत्ताच बोलूक होया काय, सुमा? जत्रा झाल्यार सांग.”

मी उठले. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. भित्री कुठली!

७ मे

बाबा गेले. आता पाच दिवस बाकीच्या धोंडांबरोबर राहणार, तिथेच रांधून खाणार. आईने दारात ओवाळलं. मला नमस्कार करायला वाकताही येईना.

१० मे

मैत्रिणींचा फोन. नवा बार उघडलाय, चल. नाही म्हटलं.

१२ मे

आज रात्री. ड्युटी बदलून घेतली आहे, आई आणि मी जाणार. देवी, भाजायचं असलं तर मला भाज. काय लिहितेय मी हे?

१३ मे

बाबा आगीत गेले नाहीत.

तळीवर आंघोळ केली, गळ्यात मोगरीचे हार घातले, वेत नाचवत सगळ्यांबरोबर आले. होमाच्या निखाऱ्यांपाशी त्यांची पाळी आली आणि ते बाजूला झाले. मागच्याला पुढे जाऊ दिलं. मग त्याच्या मागच्यालाही. आईने माझा दंड असा धरला की वळ उठलाय.

लोकांनी विचारलं. गुडघा धरला म्हणाले. गुडघ्याने कधी कुरकुर केली नव्हती त्यांच्या. धाकूकाका नुसते बघत राहिले. घरी आल्यावर आई देवासमोर बसून रडली — आमच्या घरात कुणाचं काय चुकलं ते तरी सांग म्हणून. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते.

१४ मे

आई नळावर गेली होती तेव्हा सगळं सांगितलं. दोन ग्लास, वोडका, मी पिते, सगळं. बाबांनी ऐकून घेतलं.

“पयल्याच घोटाक कळला माका. पण तुझी आई समोर बसलेली.”