आधी घण, मग कुंकू

१४ जानेवारी १९५७
संक्रांत. सबनीसाने कारखान्यात तिळगूळ वाटला. मला देताना, "गोड बोला हं, काका." माझ्याच हाताखाली शिकला, आता वर्क्स मॅनेजर. टेस्टिंगरूममधून काढून गोदामात बसवलं तेही काका म्हणतच. तिळगूळ खाल्ला. यापुढे त्याला नुसतं ‘स.’ लिहीन. शाई वाचेल.

१६ जाने.
माजिवड्याला भोईरकडे. आमचा फिटर. डिसेंबरात गिऱ्हाइकाच्या प्लांटवर लाइनीत थंड गॅस सोडला आणि आमचा एल्बो, पाइपाचं कोपर, तडकला. कपची याच्या डाव्या डोळ्यात. एल्बो आमच्याच कोलशेतच्या कारखान्यातला, टेस्टिंगमधून पास होऊन गेलेला. स.चा रिपोर्ट: टेस्टिंगचा हलगर्जीपणा. म्हणजे मी.
भोईर म्हणाला, "मास्तर, लोखंड असा काचंवानी फुटतं कसा?"
सांगितलं. आपल्या हवेत पोलाद चिवट, उणे चाळीसला तेच ठिसूळ होऊ शकतं. (फॅरनहाइट म्हणा की सेंटिग्रेड, उणे चाळीसला दोघांचं एकमत.) म्हणून मालाचा नमुना-तुकडा तितकाच गार करून मशिनच्या झुलत्या घणाखाली मोडून बघायचा.
"मंग बगितला नव्हता?"
चहा संपवून निघालो.

१७ जाने.
लिहूनच टाकतो. गेल्या खंडेनवमीला टेस्टिंग मशिनची पूजा आणि या एल्बोंच्या मालाची टेस्ट एकाच मुहूर्तावर. टूम स.ची. सुका बर्फ घातलेल्या स्पिरिटातून तुकडा काढला की पाच सेकंदांत घण पडला पाहिजे, नाहीतर गारवा जातो. त्या दिवशी तुकडा निघाला तो थेट चांदीच्या तबकात. हळद, कुंकू, अक्षता. मालकांनी हात लावला, मालकांच्या मेव्हण्याने लावला. मग नारळ, तोही तिसऱ्या फटक्याला फुटला. तोवर तुकड्याला आमच्याइतकाच घाम. घण पडला, तुकडा नुसता वाकला. टाळ्या. मी हळूच म्हटलं, अजून एक मोडू. का, ते बोललो नाही. स. म्हणाला, "पूजा झालेल्या मशिनवर शंका घेता, काका?" सगळे हसले. मीही.
पास केल्याच्या कागदावर सही माझी.

२१ जाने.
गिऱ्हाइकाचे इंजिनियर राव शुक्रवारी येणार. त्याच मालाची फेरटेस्ट, त्यांच्या डोळ्यांसमोर. घण चालवणारा दुसरा कोणी नाही, म्हणून स. स्वतः गोदामात आला. स्टूल रिकामं होतं. त्यावर मी वायसरांचा डबा ठेवला. उभ्यानेच बोलला.

२३ जाने.
घरी सराव. चिमट्याने उचल, ठेव, सोड. चार सेकंदांतच होतं. सौ. दारात उभी. "पुऱ्या तळताय की सूड?"

२५ जाने.
झालं. स. तबक घेऊन हजर, रावांसाठी हारही. मी म्हटलं, "साहेब, आधी घण, मग कुंकू." राव हसले नाहीत, पण हार बाजूला ठेवला. चिमटाही गार करून घेतलेला. चार सेकंद. तुकड्याचे दोन तुकडे, एक थेट स.च्या बुटापाशी. तुटलेला भाग साखरेसारखा चकाकत होता. मशिनचा काटा जेमतेम हलला: मोडायला जोर लागलाच नाही. स.चा चेहरा! महिनाभर याच चेहऱ्यासाठी गोदामात बसलो. मिनिटभर मिळाला. मग रावांनी जुना कागद उघडला. "ही सही कोणाची?"
मंगळवारी लेखी खुलासा द्यायचा आहे. याच मालाचे अकरा एल्बो अजून लाइनीवर आहेत.

२७ जाने., रविवार
स. सकाळीच डोंबिवलीला, आमच्या घरी. म्हणणं असं: दोघांनी लिहायचं की मशिन बिघडलेलं आहे, शुक्रवारची टेस्ट धरू नये. मला टेस्टिंगरूम परत. "आणि ते अकरा?" म्हणालो. म्हणाला, बघू पुढे. सौ.ने पोहे दिले ते सगळे खाल्ले. भीतीने भूक लागणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

२८ जाने.
खुलासा लिहिला: अकरा एल्बो ताबडतोब काढा, तुकडा स.च्या पूजेत गरम झाला, सही स.च्या दडपणाखाली केली. सुरेख उतरला. त्यात स. बुडतो, मी फक्त ओला होतो. माजिवड्याला जाऊन भोईरला वाचून दाखवला. तो उरलेला डोळा माझ्यावर ठेवून ऐकत होता.
"मास्तर, तुकडा गरम झालाय, ह्या तवा कोनाला कललेला?"
"मला."
"आनि सबनीस सायबाला?"
स.ला घण मी शिकवला. काटा वाचायला मी शिकवलं. पाच सेकंदांचं सांगितलं होतं का? परतताना सगळा रस्ता आठवत आलो. आठवत नाही.
खुलासा फाडला. नव्या कागदावर एल्बोंची ओळ तशीच उतरवली. खाली ‘मी’ लिहिलंय. पुढे ‘सांगितलं नाही’ लिहायचं की ‘आठवत नाही’, तेवढंच उरलंय.