यंदा कुरण पिवळं आहे

९ एप्रिल
सासरेबुवा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चिवावा शहरात गेले. बसमध्ये चढताना म्हणाले, "जावईबापू, मेंढ्या सांभाळा. नवीन काही करू नका."
नवीन काही न केल्यामुळेच हा धंदा मागे पडलाय. मी फॅक्टरीत सुपरवायझर होतो. माणसं हाकली, तिथे मेंढ्या काय चीज!

१० एप्रिल, सकाळी
प्लॅन तयार. डोंगरउतारावर दुष्काळाने गवताची काडी उरलेली नाही. म्हातारा तरी तिथेच जातो आणि वर विकतचा चारा टाकतो. इकडे ओढ्यापलीकडचं सपाट रान रानफुलांनी पिवळंधमक. फुकटात! तिकडे का जात नसतील? नजर अधू. दिसलंच नसेल.

१२ एप्रिल
नेल्या. तुटून पडल्या. नेमकी फुलं खुडतात, देठ सोडतात. चोखंदळ जनावर. फोटो काढला.
बायकोला दाखवला. ओतिलिया म्हणाली, "पापा तिथे पाऊलही टाकू देत नाहीत." का, विचारलं. तिला माहीत नाही. हे काय कारण झालं? शेजारच्या पेत्राबाईंच्या शेळ्या रोज तिथेच चरतात. टुणटुणीत आहेत. विज्ञान म्हणतात ते हेच.

१७ एप्रिल
पंधरा मेला सान इसिद्रो या संताची जत्रा. पाद्रीबाबा जनावरांवर पवित्र पाणी शिंपडतात. सगळ्यात पुढे आपला कळप असेल. मेंढ्यांच्या गळ्यात याच फुलांच्या माळा घालायच्या.
सासरेबुवांना सरप्राइज.

२२ एप्रिल
राणी मागे पडते. ही सासरेबुवांची लाडकी मेंढी. पिल्लू असताना त्यांनी हिला बाटलीने दूध पाजलंय. लाडावलीय, दुसरं काय. काठी दाखवून पळवली. थोडी धावली आणि थरथरत उभी राहिली.
थंडी वाजली असावी. दुपार होती हे खरं. पण जनावराची थंडी वेगळी.

२४ एप्रिल
राणीच्या तोंडाला हिरवा फेस. हिरवा म्हणजे चारा भरपूर जातोय.
ओतिलिया म्हणाली, "अरे, ती चार पावलं चालत नाहीये. डॉक्टरला बोलाव." म्हटलं, उद्या बघू. तिचा मूड सुधारावा म्हणून रानातून फुलं आणली. वाळली तरी कागदासारखी टिकतात, फुलदाणीला उत्तम. तिने चुलीत घातली.
हल्ली चिडचिड करते. हवामान.

२६ एप्रिल
सकाळी मेंढ्यांच्या वाडग्यात कमालीची शांतता. एरवी मी दिसलो की किती कोकलतात! आज एकही नाही. शिस्त लागली.
काही जणी पाठीची कमान करून, मान खाली घालून उभ्या. कुंपणाच्या खांबांवर गिधाडं. ती काय, कुठेही बसतात.
तरी काठी आपटली. उडाली नाहीत.

२८ एप्रिल
सासरेबुवांचा फोन. "राणी काय म्हणते?" म्हटलं, "झोपलीय." खोटं नव्हतं. कालपासून झोपलेलीच आहे. ओतिलियाने फोन हातातून घेतला आणि अंगणात जाऊन बोलत बसली. आत आली ती डॉक्टरांना घेऊन येते म्हणत तशीच बाहेर पडली.

२९ एप्रिल
जनावरांचे डॉक्टर आले. अगदीच तरुण. म्हणाले, ही फुलं बेलिया. मेंढ्यांना विष. म्हटलं, मग शेळ्या? म्हणाले, "शेळ्यांना सहसा बाधत नाही, मेंढ्यांना बाधतं. आणि यांना पळवलंत का हो?"
किती वर्षं प्रॅक्टिस करता, असं मी त्यांना विचारत होतो तेवढ्यात राणीने पाय ताणले. डोकं मीच मांडीवर घेतलं. जड होतं. ओतिलिया शेजारी उभी होती. मला वाटलं, खांद्यावर हात ठेवेल.
डॉक्टरांनी बाकीच्यांना पाजायला औषध दिलं. फार उशीर झाला म्हणाले, पण अशी माणसं घाबरवतातच.

३ मे
सासरेबुवा आले. काळा चष्मा. बॅगसुद्धा न ठेवता थेट वाडग्यात. एकेकीचं नाव घेऊन हाक मारली. ज्या उठल्या त्यांच्या पाठीवर हात फिरवला. जी उठली नाही, तिचं नाव दुसऱ्यांदा घेतलं नाही.
मी शेळ्यांचा मुद्दा मांडला. ऐकून घेतला. मग म्हणाले, "माझ्या बापाने त्याच रानात अख्खा कळप घालवला, जावईबापू. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."
आता हे मला कुठून कळणार?

५ मे
उरलेल्या मेंढ्या ट्रकमध्ये चढवल्या. ओतिलियाच्या भावाकडे नेतायत, तिकडे चारा आहे. मी टोपी घालून पुढे बसायला गेलो. ओतिलिया म्हणाली, "तू नाही." म्हटलं, "मग परत कधी येतेस?" ती दोर आवळत होती. ऐकू गेलं नसेल. तिची शिलाई मशीनही ट्रकमध्ये होती. ती कशाला?
सासरेबुवा पुढे बसले. मागे वळून बघितलं नाही. डोळ्याला अजून त्रास असणार.

९ मे
ओतिलियाचा फोन लागत नाही. रेंज.
घर सांभाळायला विश्वासाचा माणूस लागतो, म्हणून मला ठेवलंय हे उघड आहे. पेत्राबाईंना म्हटलं, वाडगं रिकामंच आहे, तुमच्या शेळ्या मी चारतो. त्या छातीवर क्रॉसची खूण करून म्हणाल्या, "नको रे बाबा." आणि शेळ्या घेऊन लांबच्या वाटेने गेल्या.

१२ मे, संध्याकाळी
मेंढ्यांच्या हौदात पाणी भरलं. हौद भरलेलाच होता. वरून वाहिलं.