धवलारणीला मॅट वार्निश

आई, तुझं तोंड परवा रंगवून पुरं झालं. तोंड म्हणजे केवढं, तर हरभऱ्याच्या दाण्याएवढं, आणि तू सगळी मिळून माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढी. तू पाटावर बसली आहेस, पदर डोक्यावरून घेतलेला, उजवा हात पुढे, आणि धवले, लग्नातली गाणी, म्हणायला तोंड उघडलेलं. त्या उघड्या तोंडानं मला तीन महिने छळलं. जरा जास्त उघडलं की तू कुणावर तरी ओरडतेयस असं वाटायचं, आणि कमी उघडलं की जांभई. तू असतीस तर म्हणाली असतीस, पन्नाशी उलटली तरी भावल्या रंगवत बसलाय, याला कामधंदा नाही का. कामधंदा आहे. कशेळीच्या एका गोडाऊनमध्ये मी डिस्पॅच बघतो. तू जिथे भात लावायचीस तिथेच कुठेतरी ते गोडाऊन उभं आहे, फक्त आता कुठला बांध कुठे होता ते सांगता येत नाही. हे रंगवायचं खूळ माझ्या डोक्यात घातलं आमच्या बिलिंगच्या मुलीनं. भिवंडीतल्या निजामपुऱ्याची आहे. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर पेपर पसरून बोटभर उंचीचे सैनिक रंगवत बसते, कसल्याशा खेळातले. एकदा मी सहज वाकून बघितलं तर तिनं माझ्या हातात ब्रशच दिला. त्याला पाच वर्षं झाली. घरात आता कपाटभर फौज आहे आणि तुझी सून रोज त्या फौजेच्या नावानं बोटं मोडते.

पण या वेळी सैनिक नाहीत. ताईच्या मुलीची उद्या हळद आहे. चार महिन्यांपूर्वी लग्न ठरलं तेव्हा ताई आली, चहा घेतला आणि म्हणाली, "माजे पोरीचे हलदीला आई पायजे. कशी आनशील ती तू बग." ताईचं सगळं असंच, तुझ्यासारखं, हुकूम सोडायचा आणि कप विसळायला निघून जायचं. आपल्या गावात आता धवले गाणारी धवलारीण कुणी उरली नाही. एक म्हातारी आहे, तिला पुढचं आठवत नाही. हळदीला डीजे येतो आणि शेजारच्या तीन गावांची झोप जाते. तेव्हा मी अख्खा प्रसंगच करायला घेतला. माजघरातलं तेल चढवणं. पाटावर नवरी, भोवती पाच सवाशिणी, मधे तेलाची वाटी, आणि एका बाजूला सुट्या पाटावर तू. मांडवाच्या तोंडाशी टेबलावर ठेवायचं ठरलंय. येणारा जाणारा बघेल, आणि आपली माणसं डोळ्यांनी बघत नाहीत, बोटांनी बघतात, तीसुद्धा हळदीच्या. नुसत्या रंगावर एक अंगठा घासला तरी नाक जाईल. म्हणून वर वार्निश मारल्याशिवाय सुटका नव्हती, आणि तिथेच माझं आणि ताईचं वाजलं.

वार्निशच्या स्प्रेचे तीन प्रकार मिळतात. चकचकीत, मधलं आणि मॅट, म्हणजे अजिबात न चमकणारं. चकचकीत सगळ्यात टिकाऊ, पण मांडवाच्या दिव्यांखाली एवढ्याशा तोंडावर मारलं की उजेडाचा एक पांढरा ठिपका दिसतो, बाकी डोळे, नाक, हनुवटीवरचं गोंदण, सगळं त्या ठिपक्यात जातं. मधलं म्हणजे धड ना हे धड ना ते. मॅटमध्ये मात्र प्रत्येक रेघ दिसते. मी एका जुन्या सैनिकावर परवा उन्हात मारून बघितलं, त्याच्या कपाळावरची आठीसुद्धा वाचता येत होती. मला तेच हवं होतं. तुझं तोंड एकदा नीट दिसावं, बस. ताईला तो सैनिक दाखवला तर ती म्हणाली, "ह्यो कसा उपाशी दिसतं. आई अशी कोरडी कदी व्हती?" आणि खरंच, तू कधीच कोरडी नव्हतीस. लग्नसराईत तर चैत्रापासून तुझ्या तोंडावरचं तेल हटायचं नाही. पार गणेशपुरीहून लोक तुला न्यायला यायचे, आणि परत यायचीस तेव्हा एसटीतून उतरताना लांबूनच तुझं कपाळ दिसायचं.

तुझा धड फोटो नाही, आई. मतदार कार्डावरचा आहे, पण तो बघून तूच विचारलं होतंस, "ही कोन म्हातारी?" दुसरी आहे ती व्हिडिओ कॅसेट, गावातल्या एका मोठ्या घरच्या लग्नाची, तीस वर्षांपूर्वीची. ताईच्या मुलानं ती आता फोनमध्ये घेतली आहे. त्यात माजघर आहे, तेल चढवणं आहे, नवरी लखलखीत उजेडात बसली आहे, आणि बाजूला काळोख. त्या काळोखात तुझं कपाळ, नाकाचा शेंडा आणि खालचा ओठ, तेवढंच चमकतं. आवाज मात्र खणखणीत. ताई ती क्लिप लावली की दर वेळी म्हणते, "त्या लाईटवाल्याला वाईच इकरं फिरवाला कं झालता?" मी म्हणतो, अगं, तेव्हाचे हॅलोजन जड असायचे, हात भरून यायचा. चोराच्या मनात चांदणं, मी लगेच विषय बदलतो. कारण तो लाईटवाला मीच होतो, हे ताईला माहीत आहे आणि तुलाही.

कॉलेजच्या सुट्टीत मी भिवंडीच्या एका व्हिडिओवाल्याबरोबर जायचो. तो कॅमेरा धरणार, मी लाईट. त्या दिवशी पहिल्यांदाच आपल्या गावात शूटिंग होतं. मी नवी पॅंट घालून, केसांचा कोंबडा काढून माजघरात शिरतो, आणि तू समोर बसली आहेस. नवरीला तेल लावून झालं की बायका तुझ्याही गालांना हात लावायच्या, तो तुझा मान होता. तुझं तोंड तेलानं निथळतंय. व्हिडिओवाला हळूच विचारतो, "ये आंटी कौन है, बहुत शाइन मार रही है." मी तुझ्याजवळ वाकून सांगतो, आई, तोंड पूस, शूटिंग आहे. धवला मधे तोडायचा नसतो, तू कधी तोडलाही नव्हतास, पण तेव्हा तोडलास. सगळ्या बायकांदेखत म्हणालीस, "ह्या तेल नवरीचे आंगावरशी आलाय, त्या पुसाचा नसतं. तुना लाज वाटते त तू भायेर जा." बायका हसल्या. व्हिडिओवालाही हसला. तू जिथं सोडलं होतंस तिथून धवला पुढे उचललास. माझे कान तापले होते, आणि मी बाहेर गेलो नाही.

त्या संध्याकाळी तू घरी आलीस, चुलीवर पळीत खोबरेल कोमट केलंस आणि काही न विचारता माझा उजवा हात मांडीवर घेतलास. म्हणालीस, "लाईट सारका तिकरं नवरीकरंच जात व्हता. हात दुकला ना रं तुजा? कवरा जड त्यो." खांद्यापासून मनगटापर्यंत चोळत राहिलीस. शेतातल्या कामानं तुझ्या बोटांना चिरा पडलेल्या असायच्या, त्या तेलातूनही लागत होत्या. सकाळचाच धवला तू तोंडातल्या तोंडात गुणगुणत होतीस. मी डाव्या हातानं भाकरी खात होतो, आणि खाली मान घालून बसलो होतो.

असो. वार्निशचं सांगत होतो. शेवटी मी ताईचं ऐकलं नाही आणि मॅटच मारायचं ठरवलं. बिलिंगच्या मुलीनं बजावून सांगितलं होतं, "काका, डबा दोन मिनिटं हलवा, आतली गोळी वाजली पाहिजे. चमक खाणारी पावडर तळाला बसते. दीड वीत लांबून, हात फिरता ठेवून मारा. आणि दमट हवेत बिलकुल नाही. आसमान साफ पाहिजे. माझा अख्खा घोडेस्वार सफेद झाला होता, बैठ के रोई मैं." मी म्हटलं, मला शिकवू नकोस. काल शुक्रवारी सकाळपासून मळभ, खाडीवरून चिकट वारा, अंगाला शर्ट चिकटत होता. पण हळद रविवारी. थांबायला वेळ कुठे होता? म्हणजे होता, आजचा दिवस होता. पण परवाचा सैनिक इतका झकास उतरला होता की मला दम निघेना. गच्चीवर खोक्यात तुम्हा सगळ्यांना ठेवलं, डबा हलवला आणि मारलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आधी सगळं ओलं, छान दिसलं. मग सुकता सुकता एक पांढरी झाक चढायला लागली. नवरीची हळद गेली, वाटीचं पितळ गेलं, तुझं हिरवं लुगडं गेलं. तुझं तोंड तर आधीच गेलं होतं. डोळे नाहीत, गोंदण नाही, पिठाच्या गिरणीतून आलेल्या माणसासारखा एक पांढरा गोळा. तीन महिने. मी खोक्यापाशी उकिडवा बसलो आणि मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्यांदा तुझं तोंड माझ्याच हातून गेलं, एवढंच डोक्यात घोळत होतं. तेवढ्यात ताई वर आली, कारण ती सामान न्यायलाच आली होती. तिनं बघितलं आणि माझ्या शेजारी उकिडवी बसली.

बिलिंगच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "मारलंत ना दमट हवेत? घाबरू नका. ऑलिव्ह ऑइल आहे घरात?" मी म्हटलं, आमच्याकडे खोबरेल. "चालेल, तेल ते तेल. बारीक ब्रशनं, अगदी जरासं लावा. वर बारीक बारीक खड्डे पडलेत, म्हणून पांढरं दिसतं. तेलानं ते भरले की खालचा रंग परत येतो."

ताईनं वाटीत तेल आणलं. मी सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि आधी नवरीला हात घातला. कुठून सुरू करायचं याचा मी विचार केला नव्हता, पण ब्रश आधी पायांना लागला. मग गुडघे, मग खांदे, मग कपाळ. तू दूर्वा तेलात बुडवून पायांपासून वर चढवायचीस तसं. माझ्या ते लक्षात येण्याआधी ताईच्या लक्षात आलं, कारण तिनं मागून चाल धरली. शब्द तिला येत नाहीत, मलाही येत नाहीत, आम्ही कुणी शिकलोच नाही, पण चाल तुझीच होती. नवरी झाली, सवाशिणी झाल्या. पिवळं परत आलं, पितळ परत आलं. तुला शेवटी घेतलं. पाय, गुडघे, हिरवं लुगडं, पुढे केलेला हात. मग तोंड. आधी गोंदण उमटलं, मग डोळे, मग ओठ. सगळं दिसत होतं, एक न् एक रेघ, आणि कपाळावर जराशी चमक राहिली होती. ताई वाकून बघत राहिली. "आता आई हाय," म्हणाली, आणि पदरानं नाक पुसत खाली निघून गेली.

आज आभाळ स्वच्छ आहे. नियमानं तेल टिपून वर पुन्हा एक हलका मॅट द्यायला हवा, ती मुलगी तसंच म्हणाली, आणि ते बरोबर आहे. नाहीतर तेलावर धूळ बसणार, बोटं उमटणार. नवरीचं आणि सवाशिणींचं तेल टिपून मी सकाळी तो दिला, छान बसला. तुझा पाट मात्र उचलून बाजूला ठेवला. बिलिंगची मुलगी बघेल तेव्हा म्हणेल, काका, एकच फिगर चमकतेय, चुकलात तुम्ही. म्हणू दे. ते तेल पुसायचं नसतं, एवढं मला एकदा सगळ्यांदेखत सांगितलेलं आहे.

आता दुपार आहे, घरातले सगळे मांडवाकडे गेलेत. तुला टेबलावर ठेवून मी दिवा सरळ तुझ्या तोंडावर धरलाय, बराच वेळ झाला, आणि मधेच हात बदलावा लागत नाही. हे लिहिलेलं ताईला वाचायला द्यावं असं मघाशी मनात आलं होतं, पण देणार नाही. रंगांच्या डब्याखाली घडी करून ठेवीन. उद्या मांडवात ती कुणाला तरी क्लिप दाखवील, लाईटवाल्याला नावं ठेवील, आणि मी पुन्हा म्हणेन की हॅलोजन जड असायचा. तो जड होताच गं. पण त्या दिवशी माझा हात दुखत नव्हता, आई.