मोहिनीची हाळी

आवो,

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय, म्हणून मी पहिल्या गाडीनं माहेरी कड्याला गेले. आज शनिवार. मोहिनीला अकरा वाजता वाचनालयात न्या. तिथं बारक्या लेकराला मांडीवर घेऊन आई-बापानंच गोष्ट सांगायची असती. वाचताना अडलात तर चित्र बघून सांगा.

चार महिने तुमी मेंढरामागं होता, म्हणून काल ती तुमच्याजवळ आली न्हाई. मनाला लावून घेऊ नका. मागल्या शनिवारी वाचनालयातल्या बाईंनी चित्रातली मेंढरं दाखवून इचारलं, यांना बोलवायचं कसं? आपल्या पोरीनं उभं राहून हुबेहूब तुमच्यावानी हाळी दिली. सगळे हसले. मला मातूर तुमची लई आठवण आली.

आज ती दाराआड लपली तर तीच हाळी द्या. येती का न्हाई बघा.

बबिता