ड्रॅगन वर्षाच्या माणसासाठी एक खुर्ची

प्रति,
मा. श्रीमती चिनामी हायासाका,
सुरक्षा अधिकारी,
कुरोमोरी करमणूक उद्यान.

विषय : फिरत्या खुर्च्यांच्या रोलर कोस्टरमध्ये माझ्या दिवंगत यजमानांना एकदा बसू देण्याबाबत.
संदर्भ : आपल्या गेटवरील पाटी, 'वय चौसष्टपर्यंतच'.

महोदया,

सन २००६. खुर्च्या उलटण्याचा जागतिक विक्रम करून आपला रोलर कोस्टर सुरू झाला, त्याच वसंतात मी व माझे यजमान तोकुजी रांगेत उभे होतो. मी बासष्टची, ते सहासष्टचे. त्यांनी माझेच वय सांगावे असे ठरले होते. वय खोटे सांगता येते, पण बारा वर्षांच्या चक्रातले आपल्या जन्मवर्षाचे जनावर विचारले की माणूस अडकतो, म्हणून बसमध्ये मी त्यांच्याकडून 'माकड' घोकून घेतले होते.

गेटवरच्या मुलीने गोड आवाजात विचारले, "आजोबा, कोणत्या वर्षाचे?"

यजमान छाती काढून म्हणाले, "ड्रॅगन."

मुलीने बोटे मोजली. "म्हणजे चोपन्न किंवा सहासष्ट. आजोबा, जरा टोपी काढता?"

टोपीखाली मैदान होते. मी चिडून म्हटले, "अहो, एक माकड म्हणता येईना?"

"माकड तू आहेस. मी कशाला होऊ?"

नियमाप्रमाणे बूट काढून मी एकटीच वर गेले. खुर्ची फिरली, आकाश पायाखाली आले. प्रत्येक गिरकीत खाली ते दिसत, माझे बूट छातीशी धरून. उतरल्यावर त्यांनी विचारले, "कसं होतं?" मी म्हटले, "काही विशेष नाही." त्यांनी बूट माझ्या पायांपुढे ठेवले. "खोटारडी. उलटी असताना हसत होतीस."

पुढे दर वसंतात ते गेटवर चौकशी करीत. अट वाढली नाही, वय वाढले. २०१४ साली ते वारले. येत्या मार्चमध्ये आपण रोलर कोस्टर मोडून काढणार असे कळते. त्यांच्या अस्थींचा एक तुकडा घरी डबीत आहे. पाटीवरील हृदयविकार, रक्तदाब, मानेचे दुखणे, मद्यपान व गर्भारपण यांपैकी त्यांना आता काहीही नाही. खिशात वस्तू नेण्यास मनाई आहे. त्यांना खिसाही नाही. वय मात्र चौसष्टच्या पुढे जाऊन थांबले, तेवढे सांभाळून घ्यावे व डबी पट्ट्याने घट्ट बांधावी, ही विनंती.

मी बसणार नाही. एक्याऐंशीची झाले, दोन्ही गुडघे धातूचे आहेत. मी खाली त्यांचे बूट घेऊन उभी राहीन.

गेटवरची ती मुलगी आज सुरक्षा अधिकाऱ्याच्या, म्हणजे आपल्याच खुर्चीत बसते, हे वर्तमानपत्रात वाचून आनंद झाला. यजमान शेवटपर्यंत म्हणत, "पोरगी पक्की होती."

आपली नम्र,
फुसाए मिझोगुची
(जन्मवर्ष माकड)
८ डिसेंबर २०२५

सोबत : मृत्यूचा दाखला, यजमानांचा फोटो, टोपीशिवाय.