समान न्यायाचा नाच

६ ऑक्टोबर २०१३, दम्माम
आमच्या परदेशी कुटुंबांच्या कंपाउंडमधला काँट्रा नाच म्हणजे अडाणीपणाचा कळस. जोडपी दोन रांगांत समोरासमोर उभी राहतात, पुकारणारा सांगेल तशा गिरक्या घेतात आणि प्रत्येक फेरीअखेर एक घर पुढे सरकतात. नाचाचे पुस्तक काढून मोजले. पुरुषाला पाच गिरक्या, स्त्रीला तीन! येथे कोणाच्याही लक्षात आले नाही. बोर्डात आलेली मी एकटीच. त्याला इलाज नाही.
संकल्प : दोन्ही भूमिकांना तंतोतंत समान न्याय देणारा नाच रचणे.

९ ऑक्टोबर
शेजारच्या अलकाताई आल्या. त्यांच्या यजमानांची, दीनानाथरावांची पोस्ट सौदी माणसाकडे गेली. चोवीसला निरोप समारंभ, सव्वीसला फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा. त्यातला नाच मी बसवावा. अट एकच : जाण्यापूर्वी प्रत्येक घराशी एकदा हात मिळवता यावा. सामान्य बुद्धीची अट. आपोआप साधेल.
आत बोलावले नाही. बसल्या की उठत नाहीत.

१५ ऑक्टोबर
डायनिंग टेबलावर नाच मांडला : पुरुष राजमा, स्त्रिया वाटाणे. माझा नवरा राजस स्वयंपाक करून सोफ्यावर जेवला. समतेच्या कार्यात कोणीतरी भात लावावाच लागतो.
जितके डावीकडे, तितकेच उजवीकडे. जितके पुढे, तितकेच मागे. फेरीअखेर एकूण एक दाणा मूळ जागी परतला. समतोलाचा याहून सबळ पुरावा नसेल.
राजसचे म्हणणे, एकदा माणसे घेऊन करून बघ. माणसे चुकतात.

२३ ऑक्टोबर
तालीम रद्द. घसा जपायला हवा.

२५ ऑक्टोबर, सकाळी
काल समारंभ झाला. एका जोडप्याचे इकाम्याचे, म्हणजे रहिवासी परवान्याचे काम अडले, ते आले नाही. जोडी पुरी करण्यासाठी मला राजसबरोबर रांगेत उभे राहावे लागले, तेही अलकाताईंच्या समोर. पुकारायचे मीच होते. परंतु माझा आवाज दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचेना. मी पुटपुटायचे, अलकाताईंनी ओरडायचे.
पहिली फेरी संपली. समोर अलकाताई. दुसरी संपली. अलकाताईच. रांग जागची हलत नव्हती. सहा फेऱ्या ज्याने त्याने त्याच शेजाऱ्याशी हात मिळवले. मागून कोणीतरी म्हणाले, ट्रॅफिक जॅम झालाय. हॉल हसला.
मी दिलगिरीचे वाक्य जुळवत होते. अलकाताईंनी हात सोडला नाही.
"असू दे गं. बाकीच्यांकडे चहा पिऊन झालाय. दोन वर्षांत तुझंच घर राहिलं होतं."
घरी आल्यावर तीन उत्तम वाक्ये सुचली. त्यांतले दुसरे विशेष चांगले होते. चहाला या, असे.

२६ ऑक्टोबर
सात वाजता त्यांचे दार वाजवले. कुलूप. राजस त्यांना पहाटेच विमानतळावर सोडून आला होता. मला का उठवले नाही, असे विचारले. तो म्हणाला, "त्याच म्हणाल्या, नाच बसवून दमली असेल, झोपू दे."
राजमा आणि वाटाणे त्याने एकत्रच भिजत घातले आहेत. चहा मी केला. चुकून चार कप झाला.